सुकवण्याचा काळ

येओसूच्या खाडीपलीकडे तो मनोरा,
नव्वद मीटर उंच, रात्रभर दिवे लावून उभा.
त्याच्या पोटात प्रोपीन आणि प्रोपेन:
उकळायचं, निववायचं, पुन्हा उकळायचं,
दोन सख्खे भाऊ वेगळे करायला.
दोन हायड्रोजनांचा काय तो फरक
आणि केवढं हे जळण!

आमचं म्हणणं एवढंच की एक चाळणी करू.
केसाच्या जाडीचे दोन लाख भाग करा,
त्यातल्या एकाएवढं भोक.

जस्ताचा क्षार, इमिडाझोल, मेथेनॉल.
खाली अ‍ॅल्युमिनाची चकती,
शंभर वॉनच्या नाण्याएवढी,
पॉलिश कागदावर आठाचा आकडा गिरवत घासलेली,
माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात कधीच गेला.
तिच्यावर बी पेरायचं, मग भट्टी.
स्फटिक वाढतात, एकमेकांना खांदे लावतात;
जिथे खांदा पोचत नाही
तिथून सगळंच पळतं, भाऊ काय नि परका काय.

आणि सगळे खांदे जुळले, तरी
वाळताना तडकतं.
मेथेनॉल घाईघाईने उठून जातं
आणि मागे एक रेघ ठेवतं.

अशा त्रेचाळीस.
चव्वेचाळिसावीच्या पाठीवर गाह्यनने पेन्सिलीने
नुसता 'एफ' लिहिला. आमच्या लिफ्टमध्येही
चौथा मजला नाही, एफ आहे.
प्राध्यापक प्यो हसले नाहीत.

ती बाटलीतून काढणार, तेवढ्यात फोन:
दोल्सानच्या उतारावर, मोहरीच्या पाल्याच्या जुड्यांसकट
आई पडली.
झाकण तसंच. हातमोजे बसमध्ये लक्षात आले.

इस्पितळात डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं:
खुब्याजवळ, इथे, बारीक आहे, पण आहे.
सांगायची गरज नव्हती.
ती रेघ मी त्रेचाळीस वेळा पाहिली होती.

चार दिवसांनी परतले.
बाटलीच्या काचेवर आतून धुकं,
तळाला मेथेनॉल जेमतेम, आणि चकती
आपल्या चालीने, कुणी न बघता, वाळत आलेली.
सूक्ष्मदर्शकाखाली मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.
मग उलटी आले.
रेघ नव्हती.

साबणाचा बुडबुडा काचनळीत चढू लागला,
प्रोपीनसाठी सरसर;
प्रोपेन लावल्यावर इतका हळू
की गाह्यन चहा करून आली.
थांबला मात्र नाही. या भिंती ताठ नसतात,
जरा श्वास घेतात,
कधी थोरल्या भावालाही आत सोडतात.
ते मी पुढच्या पानावर मांडलं.

वहीत 'बदल' असा रकाना आहे.
तिथे लिहिलं: झाकण बंद, सुकवण्याचा काळ चार दिवस.
'कारण' हा रकाना
बराच वेळ कोरा होता. अजून आहे.

रात्री आईचा फोन, प्लास्टरची खाज, जेवणाची तक्रार,
मग: झाली का गं तुझी चाळणी?
झाली.
मग तो मनोरा पाडणार?
नाही आई, नाण्याएवढीच आहे.
ती थोडा वेळ गप्प.
मग मोठी कर की, म्हणाली.