कळंब्यावर

अप्पासोंची तिवई सागवानी,
गंगावेशीतल्या इलाही मिस्त्रीनं केलेली,
पायांना पितळी टोप्या.
खांद्यावर टाकून निघाले की लोक विचारायचे,
'मोजणी कुणाच्या रानाची?'

माझी लेन्स हप्त्यावरची.
आत एक काच तरंगते म्हणे;
हात इकडं, तर ती तिकडं.
बटण दाबलं की बारीक गुणगुण
आणि कळंबा तलाव जागच्या जागी.

'चूक झाकतंय व्हय?'
'सावरतंय,' म्हटलं मी.
ते गप्प. दोन वर्षं झाली,
त्यांच्या कपातला चहा बशीतच सापडतो.

पाण्यावर कवड्या खंड्या थबकलेला,
पंख वेडेपिसे,
डोकं खिळा ठोकल्यागत.

लेन्स तिवईवर चढवली, तर चित्रच डुलू लागलं.
बटण बंद करायचं विसरलो होतो:
नसलेली थरथर शोधत
ती काच स्वतःच थरथरते.

मग काढली. चालू ठेवूनच
त्यांच्या हातात दिली.
गुणगुण.
ऊन पाण्यावर उतरेस्तोवर
त्यांनी डोळा हलवला नाही.

'थांबलंय रं,' म्हणाले.

खंड्या तेव्हा
मासा घेऊन पार कात्यायनीकडं गेला होता.