लागणं

साउदॅम्प्टन. मंगळवार, सव्वादहा.
खिडकीतून दिसतं पार्किंगचं मशीन
आणि त्याच्याशी भांडणारी एक बाई.
क्लाइव्ह प्रॅग्नेल, वय एकाहत्तर,
बाही खांद्यापर्यंत गुंडाळून बसलेत,
पंजा लढवायला बोलावल्यासारखे.

"किती व्होल्ट?" पहिला प्रश्न हाच.
उभी हयात गोदीतल्या क्रेनच्या मोटारी दुरुस्त केल्यात त्यांनी.
संमतिपत्राची अठरा पानं वाचून आलेत,
'तात्पुरती अस्वस्थता' या शब्दांखाली पेन्सिलची रेघ,
पुढे एक प्रश्नचिन्ह.
मी म्हणते, व्होल्ट राहू द्या, वेळ बघा:
सेकंदाचा विसावा भाग, मग थांबायचं,
पुन्हा विसावा भाग. असं तीनदा.
"म्हणजे दार ठोठावल्यासारखं."
हो. पण तुम्हाला नाही, पेशींना.

आधी साधी सुई, दंडात थेंबभर द्रव.
त्यात असतील तर डीएनएच्या बांगड्या,
काय घडवायचं ते अंगावर लिहून आलेल्या,
पण स्वतःहून आत शिरता न येणाऱ्या.
स्नायूच्या फटीत ताटकळत राहतात
आणि तिथेच विरून जातात बहुतेक.
म्हणून हे पाच टोकांचं यंत्र.
पेशीचं कातडं क्षणभर विसविशीत होतं,
जेवढं आत सरकलं तेवढं आपलं,
मग ते आपोआप सांधलं जातं.

तयार? तयार.
दंड उडाला. त्यांनी नाही उडवला.
उडाला. उडाला.
त्यांनी दिलेली शिवी मी फॉर्मवर
'मध्यम' या रकान्यात बसवली.
दुखणं दहापैकी किती?
"सहा. नाही, चार. थांबा,
तुम्ही विचारताय तोवर गेलंच की."

मलाही लागला होता एकदा,
वरणगावच्या पिठाच्या गिरणीत, ओल्या हाताने.
आमच्याकडे करंट लागतो,
ठेच लागावी तसा, उचकी लागावी तशी.
औषधही लागू पडावं लागतं.
आणि दार लागलं म्हणजे मिटलं.
हे त्यांना इंग्रजीत समजावू गेले
आणि पहिल्याच वाक्यात अडकले.
"पण करतं कोण?" त्यांनी विचारलं.
कुणी नाही. फक्त कुणाला, ते सांगतो आम्ही.
"अगदी बरोबर," ते म्हणाले,
"विजेला नावगाव कुठे ठाऊक असतं."

मग दंड चोळत, सहज विचारल्यासारखं:
"ते मिठाचं पाणी. निम्म्यांना तेच ना?"
हो.
"आणि धक्का?"
तो सगळ्यांना सारखाच.
नाहीतर तुम्हाला कळलं असतं. मलाही.
तुमची कुपी कोणती, मला खरंच माहीत नाही.
ते एका बंद पाकिटात आहे,
आणि ते पाकीट दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात.

खाली ती बाई एव्हाना निघून गेली होती.
म्हणजे कदाचित आत्ता त्या दंडात
लाखो दारं उघडून बसली असतील
आणि उंबऱ्यावर खारं पाणी. बाकी कुणी नाही.
मी हे बोलले नाही.
त्यांनी मात्र हिशेब केला होता.
"क्रेन जहाजावर लावायच्या आधी," ते म्हणाले,
"रिकामा आकडा वर न्यायचो, खाली आणायचो.
दर सकाळी. पावसातसुद्धा.
त्या दिवसाचं वजन कुणी मोजत नव्हतं."
चालवून बघावीच लागते,
हे ते त्यांच्या भाषेत म्हणाले,
मला माझ्या भाषेत ऐकू आलं.

अर्धा तास बसवून ठेवायचं, असा नियम.
चहा, दोन बिस्किटं, तापमान.
पंचविसाव्या मिनिटाला त्यांना झोप लागली.
मी दार हळूच ओढून घेतलं;
खटका सैल आहे, ते पुन्हा उघडलं.
पुन्हा ओढलं. पुन्हा.
मार्चमध्ये तक्रार लिहून दिली आहे.

डोळे न उघडता ते म्हणाले,
"पुढचा डोस चार आठवड्यांनी ना?
येताना स्क्रूड्रायव्हर आणतो."