मधोमध नव्हे

छत्री आमच्या ट्रकनं मोडली.
मुरगाबच्या शाळेमागं बाबा ट्रक मागे घेत होते,
आणि भिंतीला टेकलेली टीव्हीची जुनी छत्री
नान तोडावा तशी
डाव्या अंगानं गेली.

बुरुलसून एजे रागावल्या नाहीत.
आत चिकटवलेला चकाकता कागद
ओढणीच्या टोकानं पुसत राहिल्या.
इथं साडेतीन हजार मीटरवर झाड नाही.
तेरेस्केनची खुरटी झुडपं मुळासकट उपटून
आम्ही चहा उकळतो, आणि आता तीही
दोन दिवसांच्या वाटेवर गेलीत.
म्हणून ही छत्री:
ऊन गोळा करायचं, किटलीखाली ठेवायचं.

बाबांनी उरलेला तुकडा टेपनं मोजला,
बरोबर मधोमध किटली टांगली.
तासाभरानं पाणी कोमट.
"मोडकी झाली. पैसे भरून देतो."
"तुकडा कशाला मोजता," एजे म्हणाल्या, "वळण बघा."

छत्रीच्या पोटात तार दाबून
त्यांनी ते वळण प्लायवूडवर उतरवलं.
एक तिरकी जीवा ओढली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत.
तिला समांतर दुसरी.
दोघींचे मध्य मी काढले:
दोरी दुमडायची, दुमडीवर खडू टेकवायचा.
ठिपक्यातून ठिपक्यात रेघ.

"हाच अक्ष?"
"नाही रे. तो कुठं बघतो एवढंच कळलं.
कुठं उभा आहे, ते अजून नाही."

मग त्या रेघेला काटकोनात तिसरी जीवा,
मोडक्या बाजूला जेवढं वळण शिल्लक होतं
तेवढ्यात बसणारी.
दुमड. ठिपका.
ठिपक्यातून, पहिल्या रेघेला समांतर,
निळ्या खडूनं एक रेघ,
आणि ती गेली
मोडक्या काठापासून अवघ्या चार बोटांवरून.

बाबा खाली बसले.
"आणखी वीतभर मागे आलो असतो
तर गेलाच होता की हा."
"गेला नसता," एजे हात झटकत म्हणाल्या.
"उरल्या वळणातूनही सापडला असता.
फक्त छत्रीवर नसता,
बाहेर हवेत पडला असता."

निळ्या खुणेवर भोक पाडून
बाबांनी लांब खिळा उभा केला.
त्याची सावली त्याच्यातच मिटेपर्यंत
छत्री सूर्याकडे फिरवायची,
दर पाव तासानं, गुडघ्यानं ढकलत.
हे काम माझं.

किटली आता काठाकडे, वेडीवाकडी टांगलेली,
बघणाऱ्याला चुकलीशी वाटावी अशी.
या उंचीवर पाणी लवकर उकळतं,
डाळ मात्र शिजता शिजत नाही;
पण आम्हाला चहाच हवा होता.
दूध, मीठ, पेल्यावर पेले.

बाबा पेला संपवून ट्रककडे गेले.
मागचं दाखवणारा आरसा बाहीनं पुसला,
दार उघडलं,
आणि काय वाटलं कोण जाणे,
दार तसंच उघडं टाकून परत आले,
माझ्याशेजारी वाकून
खिळ्याची सावली बघत राहिले.