मधलं तिकीट

आकडा दुपारीच ठरवायचा, पोट भरलेलं असताना.
दूधवाल्याच्या बिलामागे लिहून बिल पालथं ठेवायचं.
पूर्ण आकडा कधीच नाही:
हजारावर सगळेच थांबतात, म्हणून एक हजार त्रेपन्न.
आधी तोंड उघडायचं नाही.
लवकर बोली लावणं म्हणजे
कोळणीसमोर पापलेटाकडे बघून हसणं.

माझ्या मोबाइलचं घड्याळ लिलावाच्या घड्याळापुढे
पावणेदोन सेकंद धावतं, मोजून ठेवलंय.
माहीमच्या या घरात वायफाय तगडं
ते फक्त स्वयंपाकघराच्या दारात,
म्हणून शेवटचं मिनिट मी ओट्याला टेकून काढते.

ट्रंक एक्सचेंजमध्ये एकोणतीस वर्षं होते.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची?"
हे इतक्यांदा म्हटलंय
की शेवटची दहा सेकंदं मला कानांनी दिसतात.
बाकी सगळं ठीक, म्हणत राहिलेला माणूस
तेव्हाच सांगून टाकायचा, की आई गेली.

जुन्या लिलावात एक वार, दोन वार, तीन वार म्हणत.
दोन आणि तीनच्या मध्ये श्वास घ्यायला जागा होती.
इथे हातोडी नाही. आकडे लाल होतात आणि संपतात.

मी ट्रामची तिकिटं जमवते.
बोटभर कागद, दीड आणा, कंडक्टरने पाडलेलं भोक.
४४१७, ४४१८ आणि ४४२० माझ्याकडे आहेत,
एकाच गड्डीतली, एकाच दिवसाची,
म्हणजे पाठोपाठ चढलेली माणसं,
बहुधा एकाच बाकावर.
मधल्याला नेलं
क, मग तीन फुल्या, मग नऊ, अशा कुणीतरी.
एवढंच नाव दिसतं.
सहा वर्षांपूर्वी, एक सेकंद उरला असताना,
माझ्यावर अकरा रुपये चढवून.

तेव्हापासूनची आमची ओळख.
तो दोन सेकंदांवर यायचा, मग मी दीडवर.
त्यानं माझे त्रेपन्न ओळखले, चौपन्न लावले;
मी एकसष्टवर गेले.
चिंचपोकळीचं निळं तिकीट मी जिंकले
त्या रात्री तो घरात कुणाला काय म्हणाला असेल,
हा विचार मी आमटीला फोडणी देताना केलाय.
शेजारच्या ग्लॅडिसचा नातू म्हणतो,
आजी, प्रोग्रॅम लाव, तू झोपलीस तरी बोली पडेल.
म्हटलं, मग जागं कोण राहणार?

फेब्रुवारीत ४४१९ विकायला आलं.
खाली दोन ओळी:
वडिलांचा संग्रह. ताडदेवची जागा रिकामी करतोय,
सगळं द्यायचंय.

ताडदेव.
टॅक्सीनं पाऊण तास, सिग्नल धरून.

सहा दिवस बाकी होते.
बिलामागे काही लिहिलं नाही, ओट्याशी गेले नाही.
बाहेरच्या खोलीत, दिवसाउजेडी, खुर्चीवर बसून
तिथल्या तिथे बोली लावली.
पूर्ण आकडा. पाच हजार. सगळ्यांना दिसेल अशी.
नियमानं बघाल तर शुद्ध मूर्खपणा.
पण गेलेल्या माणसाच्या वस्तूवर
टपून बसायचं मला जमेना,
आणि तो समोर नसताना
कुणापासून लपवायचं, तेही कळेना.

रविवारी रात्री, नऊ एकोणसाठ अठ्ठावन्नला:
म, तीन फुल्या, दोन.
पाच हजार तेरा.

आधी राग आला, कानाच्या पाळ्यांपर्यंत.
मग ते तेरा पुन्हा वाचले आणि हसू फुटलं.
कुणीतरी दुपारीच ठरवलं होतं.

अल्बममध्ये ४४१८ आणि ४४२० च्या मधला कप्पा
अजून तसाच आहे.
दूधवाल्याचं बिल मात्र उलटून घेतलं,
पेन शोधलं, लिहिलं:
म, फुल्या, दोन. दोन सेकंदांवर येतो, किंवा येते.
हात चांगला आहे.
थोडी घाई करतो.