पेवात कंदील

हरिपुरात हळदीच्या पेवात उतरायच्या आधी
इलाहीमामा कंदील सोडायचा.
तोंडावरची माती ओढून, फरशी सरकवून
आधी दोन-तीन तास नुसतं बसायचं,
तंबाखू मळत, संगमाकडं बघत,
आत कोंडलेलं सगळं वर येऊन जाईपर्यंत.
मग दोरीला कंदील. हळूहळू. वीस फूट.

आम्ही पोरं काठावर पोटावर पडून बघायचो.
ज्योत बारीक झाली की मामा हात आडवा करायचा,
“आत दम न्हाई अजून. बसा.”
त्याचा थोरला भाऊ शाबुद्दीन बसला नव्हता.
तेवढ्यावरून आलेलं हे शास्त्र.

आता त्याच गल्लीत, रात्री अडीचला,
मी एका ताऱ्याच्या उजेडाचा आलेख उघडून बसते.
नाव नाही त्याला, नऊ आकडी नंबर आहे.
दर एकोणीस दिवसांनी त्याची ज्योत बारीक होते,
दहा हजारात आठ भाग,
तीन तास,
आणि परत होती तशी.
कुणीतरी आडवं जातंय.

इथं उलटं आहे, मामा.
ज्योत बारीक झाली
तरच तिथं काही असेल.

पुण्याहून सरांचं पत्र आलंय, अंतर बरोबर आहे,
पाणी असलंच तर पाणीच राहील.
अहवालात ते चांगल्या बाजूला मांडायचं असतं.
मी मांडलं. पण पाणी पेवांत शिरलं त्या साली
सडलेल्या हळदीचा वास
दिवाळीपर्यंत अंथरुणात होता,
त्याला रकाना नव्हता.

मामाला स्क्रीन दाखवली. चष्मा कपाळावर घेऊन
तो त्या खळग्याकडं बराच वेळ बघत राहिला.
“दोरी केवढी?”
दोरी नाही, म्हटलं. कंदीलही त्यांचाच.
हा उजेड तिथून निघाला तेव्हा
आपली पेवं भरलेली होती,
तुम्ही आत होता.

“मग वर कोण बसलंवतं?”

मला सांगता आलं नाही.

पुढच्या गुरुवारी पहाटे सव्वातीनला
ती परत बारीक होणार.
डोळ्यांना काही दिसणार नाही, हे मी दोनदा सांगितलं.
त्यानं चंची उशाशी ठेवली.
“असूंदे,” म्हणाला,
“उठव.”