उशिराची वही

पुंता अरेनासला वारा सुटला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात.
म्हातारे, पोरं, दोराला धरून रस्ता ओलांडतात.
मी शाळेच्या फाटकाशी वही घेऊन बसते.
आठनंतर येईल त्याचं नाव लिहायचं,
एवढीच माझी नोकरी.

एलिसेओ ओयार्सो, आठवी ब.
आठ वाजून चार मिनिटं.
आठ वाजून चार मिनिटं.
मार्च ते जून, एक्केचाळीस वेळा,
आणि घर म्हणाल तर दोन गल्ल्या पलीकडे.

"घरात घड्याळ नाही का रे?" मी म्हणायचे.
तो लोकरी टोपी कानांखाली ओढायचा, सही करायचा.
सही दिवसेंदिवस लहान होत गेली.
तेव्हा दिसलं नाही, आता पानं उलटताना दिसतं:
मार्चमधलं आडनाव ओळीभर ऐसपैस,
जूनमध्ये नुसता ए
आणि एक टिंब.

जूनमध्ये आमच्याकडे दहाला उजाडतं.
एकदा काळोखात बर्फावर मीठ टाकायला मागे गेले,
तर बेकरीच्या भिंतीला टेकून हा उभा.
खांद्यांवर हिम साचलेलं, म्हणजे बराच वेळ झालेला.
नजर मनगटावर.
"आत का नाही जात?"
"घंटा झाली की चार मिनिटांत व्हरांडा रिकामा होतो."
हिशेब सांगावा तसा म्हणाला.

मी मिठाची बादली खाली ठेवली.
एक्केचाळीस वेळा मी त्याला विचारलं होतं घड्याळाबद्दल.

त्याच आठवड्यात वरून कागद आले:
शाळेत तू किती आनंदी आहेस?
पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत,
एकावर खूण करा, नाव लिहू नका.
गठ्ठे मीच बांधले.
एका कागदावर खूण कुठेच नव्हती,
पण पाचही चेहऱ्यांना कान काढले होते,
मोठे, बाहेर आलेले,
हसऱ्यालासुद्धा.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, नावं सांगू दे त्याला, मग बघते.
त्याने सांगितली नाहीत.
मी दुसऱ्या दिवशी पावणेआठला बेकरीमागे गेले,
म्हटलं, "जरा बादलीला हात लाव."
बादली अर्धीच होती.
त्यालाही ते कळलं, तरी त्याने कडीला हात घातला.
भरल्या व्हरांड्यातून चाललो.
कुणीतरी रडारचा आवाज काढला, पीं, पीं,
बादली हिसकली, मीठ सांडलं.
आम्ही थांबलो नाही.
कुणी काढला ते मला दिसलं होतं.
त्याचं नाव मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

ऑगस्टमधली गोष्ट. वारा असा, की पाटी उडावी.
चौकात दोरावर माझ्या पुढे तोच.
टोपी गेली.
दोर सोडला असता तर मिळाली असती.
सोडला नाही.
कान लालभडक, उघडे, सगळ्या गावासमोर.
मागे वळून ओरडला,
"कान गारठले हो, दोन्या!"
आपणहून मला काही सांगायची ही पहिलीच वेळ.

पोचलो तेव्हा आठ वाजून अकरा मिनिटं.
मी वही उघडली, त्याचं नाव लिहिलं,
खाली माझं.