रुमाल

भुवयांपर्यंत पिवळा बाळगोंडा हमाल
पोत्यावर टेकलेला. माझा शेवटचा फॉर्म.
"मामा, यंदा वारं कुणाचं?"
त्यानं आधी अडत्याकडं बघितलं,
मग माझ्या पेनाकडं.
"बाकीचं काय म्हणत्यात?"

'सांगता येत नाही'वर मी खूण करणार, तोवर
पलीकडं हळदीचा सौदा निघाला :
रुमालाखाली दोन हात,
बोटं दाबून दर ठरतोय
आणि भोवतीची माणसं
पत्र्यावरची कबुतरं मोजतायत.

"रुमाल हाय का?" तो म्हणाला.

मी घामेजलेला माझा पुढं केला.
त्याखाली त्यानं तीन बोटं दाबली, थांबला,
मग एकच, अर्ध्या पेरापर्यंत.
मला कुठं येत होती ती भाषा.

संध्याकाळी ऑफिसात
सतराव्या प्रश्नावर पिवळा अंगठा.
मॅडम म्हणाल्या, कोरा धरा.